काचेवरची पांढरी शेपटी

दाढ असली तर काढायची, हाड असलं तर कापायचं. इंदूरहून आलेल्या डॉक्टर उमाशंकरांनी धारच्या घरी ओसरीवर बसून एवढंच सांगितलं, आणि तेव्हापासून सुभद्राबाईंच्या घशाखाली घास सरळ उतरला नव्हता.

इंदू त्यांची भाची. वन्सं गेल्या तेव्हा पोर नुकती रांगत होती. तिला पदराखाली घेऊन सुभद्राबाईंनी वाढवली, आणि ती पोटची नाही हे दोघीही विसरून गेल्या. आता पंधरावं सरत आलं होतं. माघापासून तिच्या उजव्या कानाच्या पाळीखाली, जबडा जिथे वळतो तिथे, गाठ धरली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. शेक झाले, लेप झाले, रात्री झोप लागावी म्हणून अफूचा कण झाला. तोंड उघडेनासं झालं, तशी ती दातांच्या फटीतून बोलू लागली आणि पेजेचे फुरके मारून जगू लागली.

डॉक्टर म्हणाले होते, "बाहेरून मला सांगता येणार नाही. आत दाढ अडकून बसली असेल तर काम सोपं आहे. पण हाडानंच गाठ धरली असेल, तर अर्धा जबडा काढावा लागेल. नाही काढला तर मुलगी हाती लागायची नाही. देवासला एक गृहस्थ आहेत, ते हाडाच्या आतला फोटो काढतात. मीही त्या दिवशी तिथे येतो. जे काय ठरवायचं ते फोटो बघून ठरवू."

अर्धा जबडा! सुभद्राबाईंनी असा एक माणूस पाहिला होता. पलटणीतला म्हातारा शिपाई, तोंडाला उपरणं बांधून भिंतीकडे तोंड करून जेवायचा. गावातली पोरं त्याला बघून पळायची. त्याच्या उपरण्याच्या जागी त्यांना इंदूची ओढणी दिसायची, आणि हातातली वात वळता वळता तुटायची.

माणसांचे उपाय हरले की बायका देवाकडे जातात. सुभद्राबाई तर तिथेच राहणाऱ्या. त्यांचे सोमवार, चतुर्थ्या, तुळशीपुढची रांगोळी, काही चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या सीताकाकूंनी त्यांना हळूच एक नेम सांगितला. तळ्याकाठच्या मारुतीचा शेंदूर गुरवाकडून घ्यायचा, तेलात कालवायचा, आणि रोज सकाळी गाठीवर एक बोट ओढायचं. चैत्री पौर्णिमेपर्यंत एक दिवस चुकवायचा नाही. दिवस मावळेपर्यंत पुसायचा नाही. "आणि बोलायचं नाही हो सुभद्रे," काकू म्हणाल्या, "पुरुषमाणसांपुढे तर मुळीच नाही. नेम बोलून दाखवला की फुटला. फुटलेला नेम उलटा फिरतो, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

सुभद्राबाईंनी नेम धरला. इंदूलाही बजावलं. इंदू दातांतून म्हणाली, "मी कुणाशी बोलणार मामी? माझं अर्धं बोलणं तर तोंडातच राहतं."

देवासला जायचं ठरलं तेव्हा यजमानांना, नारायणरावांना, दरबारातून रजा मिळेना. म्हणून धाकटे दीर भगवंतराव बरोबर निघाले. दमणीतून इंदूर, तिथून आग्रा रस्त्यानं देवास. दोन्ही बाजूंना अफूची शेतं फुलली होती, पण बघायचं कुणाला सुचत नव्हतं. दमणीच्या प्रत्येक धक्क्याला इंदू गाल धरायची आणि भगवंतराव गाडीवानावर उगाच ओरडायचे.

देवासच्या नाक्यावर त्यांनी टांगेवाल्याला विचारलं, "दातांचे फोटो काढणारे चिंतामणराव कुठे राहतात?"

"दांत का फोटूवाला?" टांगेवाला हसला. "अरे भिया, ऊ तो दांत काड़े नी, खाली देखे! बैठो, बैठो. थोरली पातीवाली बाजू में है. सामने की बाजू धाकटी की, उधर उतरोगे तो दूसरे राजा के घर उतरोगे." देवासात राजे दोन, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा, आणि रस्त्याची एकेक बाजू एकेकाची.

"नुसतेच दात बघतो?" इंदू मामीच्या कानाशी पुटपुटली. "म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखं. दात बघणार, पोहे खाणार आणि 'कळवतो' म्हणणार."

सुभद्राबाईंना हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तोंड टेकडीकडे वळवलं आणि तिच्यावरच्या देवीला हात जोडले.

चिंतामणराव साधे निघाले. डोक्याला पागोटं, अंगात बंडी, आणि हातांत मात्र जाड चामडी मोजे. पूर्वी ते दरबारी मंडळींचे फोटो काढत. मग कलकत्त्याला राहून ही नवी विद्या शिकून आले, आणि आता तोंडाच्या हाडांशिवाय दुसरं काही घेत नसत. कुणाचा हात मोडला, कुणाच्या पायात गोळी राहिली, तर सरळ इंदूरला पाठवत. "जबडा अवघड असतो," ते भगवंतरावांना म्हणाले. "या बाजूच्या हाडावर त्या बाजूचं हाड पडतं, मध्ये मानेचे मणके येतात. हाताचा फोटो कुणीही काढील. जबड्याला माणूस कसा निजवायचा, मान किती वळवायची, हे शिकण्यातच माझी वर्षं गेली."

"आणि मोजे का हो घातलेत?" भगवंतरावांनी विचारलं.

चिंतामणरावांनी एक मोजा काढला. बोटांची टोकं तपकिरी, सुकल्या चिंचेसारखी झाली होती, आणि दोन बोटांना नखं नव्हती. "याच किरणांनी. आधी आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा-दोनदा घेणाऱ्याला काही होत नाही, घाबरू नका. रोज घेणाऱ्याला होतं." त्यांनी मोजा परत चढवला. "आता मन लावून ऐका. हे किरण कापडातून जातात, लाकडातून जातात, मांसातून जातात. हाडाशी अडतात. धातूशी तर थांबतातच. तेव्हा मुलीच्या अंगावर मानेच्या वर काही नको. कुड्या नकोत, आकडा नको, मणी नको. आणि चेहरा रिठ्यानं स्वच्छ धुऊन आणा. लेप नको, तेल नको, हळद नको. पाण्याशिवाय काही नको."

मागच्या मोरीवर सुभद्राबाईंनी इंदूचं तोंड धुतलं. सकाळी धर्मशाळेत ओढलेलं शेंदराचं बोट रिठ्याच्या फेसाबरोबर केशरी होऊन वाहून गेलं. सुभद्राबाई मोरीच्या भोकाकडे पाहत राहिल्या. दिवस मावळेपर्यंत पुसायचा नाही. आणि सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. नेमाचा खाडा, तोही नेमका आज, ज्या दिवशी दाढ की हाड हे ठरायचं त्या दिवशी!

"मामी," इंदू म्हणाली, "राहू दे ना एक दिवस."

"तू गप."

फोटोची खोली काळ्या पडद्यांनी बंद केलेली. एका बाजूला काचेच्या भांड्यांची बॅटरी, तिच्यावर तांब्याच्या तारांचं मोठं रीळ, आणि लाकडी हातावर बसवलेली भोपळ्यासारखी काचेची नळी. मध्ये एक बाक. चिंतामणरावांनी काळ्या कागदात गुंडाळलेली काच बाकावर तिरक्या ठोकळ्यावर ठेवली. इंदूनं तिच्यावर दुखरा गाल टेकून कुशीवर निजायचं होतं. भगवंतरावांना त्यांनी बाहेर बसवलं. दिवा मालवला. "नळी कशी पेटते ते अंधारातच नीट कळतं," ते म्हणाले आणि पाठमोरे होऊन तारा जोडू लागले.

सुभद्राबाईंचा हात आपोआप कनवटीला गेला. लाकडी करंडा उघडला. अनामिका भरून त्यांनी चाचपत इंदूचा कान शोधला, पाळीखालची गाठ शोधली, आणि रोजच्यासारखं बोट दाबून वर ओढलं. इंदूनं त्यांचं मनगट धरलं. क्षणभर घट्ट धरलं. मग सोडून दिलं.

"झालं का निजून?" चिंतामणरावांनी विचारलं.

"हो," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्यांनी मोज्यातल्या हातांनी इंदूचं डोकं अंदाजानं वळवलं, हनुवटी वर केली, कपाळावरून एक पट्टी बाकाला बांधली. "पोरी, आता देवाच्या मूर्तीसारखी राहा. लाळ आली तरी गिळायची नाही. हललीस तर सगळं पुसट येईल."

कडकड आवाज झाला. नळीत काजव्यासारखा हिरवा उजेड भरला. वीज पडून गेल्यावर येतो तसा वास आला. सुभद्राबाई कोपऱ्यात नाव घेत उभ्या राहिल्या. त्या हिरव्या उजेडात त्यांना इंदूची पाठ दिसत होती, श्वासानंही न हलणारी. मग आवाज थांबला, आणि अंधार आधीपेक्षा दाट झाला.

काच घेऊन चिंतामणराव आतल्या कोठडीत गेले. दाराच्या फटीतून तांबडा उजेड दिसत होता. इंदू उठून बसली. तिनं गालाला हात लावून पाहिला. शेंदूर जवळजवळ गेला होता. टीपकागदानं शाई ओढावी तसा काळ्या कागदानं तो ओढून घेतला होता. राहिलेला रंग सुजेच्या लालीत मिसळून गेला. मामीनं तिच्या डोक्यावरून ओढणी पुढे ओढली आणि केस कानावर आणले.

डॉक्टर उमाशंकर तेवढ्यात येऊन पोचले. टांगा दारातच उभा ठेवला, कारण त्यांना दिवसाउजेडी इंदूरला परतायचं होतं. उंच, गोरे, घाईचे पण मायाळू. इंदूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "क्यों बिटिया, पेज पिऊन कंटाळलीस?"

"फार," इंदू म्हणाली.

कोठडीचं दार उघडलं. चिंतामणराव ओली काच दोन बाजूंनी धरून बाहेर आले. त्यांचा चेहरा मघासारखा मोकळा नव्हता. त्यांनी पडदा बाजूला केला आणि काच खिडकीच्या उजेडात धरली.

काळ्या काचेवर इंदूच्या अर्ध्या तोंडाची हाडं उतरली होती. दातांची रांग मक्याच्या कणसासारखी. आणि जबडा जिथे वळतो तिथे, नेमका गाठीच्या जागी, एक पांढराफटक डाग. चुन्याचा गोळा मारावा तसा. खाली फुगीर, आणि वर निमुळती होत कानाकडे गेलेली शेपटी. त्या डागाखालचं काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी वाकून काच जवळून पाहिली. मग हळू म्हणाले, "दाढ नाही. हड्डी की गांठ है. दगडासारखी घट्ट झालीय. आणि ही बघा, ही शेपटी. गाठ वर चढायला लागलीय. कानापर्यंत पोचली तर मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

"म्हणजे?" भगवंतरावांचा आवाज चिरकला.

"म्हणजे आजच माझ्याबरोबर चला. उद्या सकाळी क्लोरोफॉर्म देऊन अर्धा जबडा काढतो. भैयाजी, मी घाई करणारा माणूस नाही. पण ही शेपटी थांबणारी नाही."

इंदूनं मामीकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"दादांना विचारायला वेळ नाही, वहिनी," भगवंतराव म्हणाले. "मीच हो म्हणतो. दादा मला मारोत की तारोत."

चिंतामणराव अजून काचेकडेच बघत होते. "डॉक्टरसाहेब, मला एक पटत नाही. ही कड फार रेखीव आहे. काचेच्या जवळची वस्तू रेखीव येते, लांबची पुसट. हा डाग काचेला चिकटून असावा तसा आलाय."

"गाठ गालाच्या कातडीपर्यंत आलीय, म्हणून. हाताला लागतेच की."

"असेल. तसंही असेल." ते सुभद्राबाईंकडे वळले. "बाई, तोंड नीट धुतलं होतं ना?"

"धुतलं होतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

शब्द खरा होता. नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ त्या एका वाक्यानं जमिनीला टेकला होता, हे त्यांनी कितीदा पुराणात ऐकलं होतं. पायाखालची जमीन त्यांनाही तशीच टेकल्यासारखी लागली. पण चिंतामणरावांनी मान हलवली. सवाष्ण, देवाधर्माची बाई, वयानं मोठी. तिच्या शब्दानंतरही पोरीच्या कानामागे वाकून बघायचं, हे त्या सज्जन माणसाला शोभलं नसतं.

भगवंतराव सामान बांधायला निघाले. दारात टांग्याचा घोडा टाप आपटत होता.

"मला दाखवता ती काच?" सुभद्राबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाईमाणसाला काच बघायची असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. चिंतामणरावांनी ती त्यांच्यासमोर धरली.

सुभद्राबाईंनी डाग पाहिला. आधी त्यांना वाटलं, मारुतीच आत जाऊन बसला पोरीच्या हाडात. मग नजर शेपटीवर गेली. आणि त्यांच्या अनामिकेला मुंग्या आल्या. ही शेपटी त्या रोज सकाळी बघत होत्या. बोट दाबून उचललं की शेंदूर असाच ओढला जातो, वर जाता जाता असाच बारीक होतो, आणि शेवटी असाच जरासा डावीकडे वळतो, कारण त्यांचं बोट लहानपणी जात्यात सापडून वाकडं झालेलं. गाठीला कशाला वाकडं बोट असेल?

त्यांनी ते बोट पदराखाली मुठीत दाबून धरलं.

सांगावं, तर नेम फुटतो. फुटलेला नेम उलटा फिरतो, आणि फिरला तर कुणावर फिरणार? इंदूवरच. आणि सांगून त्यांचं चुकलंच तर? शेंदूर कुठे फोटोत येतो का, म्हणून डॉक्टर हसतील ते हसोत. पण खरंच ती गाठच असली, आणि त्यांच्या बडबडीनं आजचा दिवस गेला, गाठ कानापर्यंत चढली, तर? तर पोरीला मामीच्या तोंडानं मारलं असं होईल. गप्प राहिलं तर निदान ती जगेल. तोंडाला ओढणी बांधून का होईना, भिंतीकडे तोंड करून का होईना, जगेल.

आणि ती गाठ नसलीच तर? तर एका धडधाकट पोरीचा जबडा उद्या सकाळी करवतीनं कापला जाईल, आणि ते एकट्या सुभद्राबाईंना ठाऊक असेल.

"चला वहिनी," भगवंतराव दारातून म्हणाले. "टांगेवाला कुरकुरतोय."

इंदू उठली. मामीचा हात धरून चालायला लागली. तिच्या हाताला घाम सुटला होता, पण ती ओढत नव्हती, रडत नव्हती. उंबऱ्याशी आल्यावर दातांतून इतकंच म्हणाली, "मामी, तुला बोलायचं नसेल तर मी पण नाही बोलणार."

सुभद्राबाई थांबल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की भगवंतरावांना "अं?" म्हणावं लागलं. त्या वळल्या आणि डोळे खाली ठेवून चिंतामणरावांना म्हणाल्या, "दादा, तो डाग माझ्या बोटाचा आहे. तोंड धुतल्यावर अंधारात मी तिच्या गाठीवर मारुतीचा शेंदूर लावला. माझा नेम आहे. होता."

भगवंतराव दारातून परत आत आले.

मग डॉक्टर म्हणाले, "बाई, शेंदूर? तो कातडीवरचा रंग. कुंकू, हळद, असल्या रंगानं काय होणार? तुमच्या मनाला लागलंय म्हणून तुम्हाला तसं दिसतंय."

"कुंकवानं नाही," चिंतामणराव सावकाश म्हणाले. "हळदीनंही नाही. पण शेंदूर..." ते मध्येच थांबले, आणि पळतच आतल्या कोठडीत गेले. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाहेर आले ते हातात काचेवरचा काळा कागद घेऊन. तो त्यांनी खिडकीपाशी उलगडला. आत मंद तांबड्या दिव्यात कागद काढून टाकताना ज्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं, ते उन्हात लखलखीत उठलं. शेंदरी बोट. खाली फुगीर, वर निमुळतं, जरासं डावीकडे वळलेलं.

त्यांनी काच त्याच्यावर ठेवली. डागावर डाग बसला.

"शेंदूर शिशाचा असतो, डॉक्टरसाहेब," चिंतामणराव म्हणाले. "शिसं जाळूनच करतात. मी धातू नको म्हणालो, तेल नको म्हणालो, आणि शेंदूर नको हे सांगायचं राहिलं. माझंच चुकलं. या मोज्यांतून मला तेल कळलं नाही. पूर्वीची बोटं असती तर कळलं असतं."

डॉक्टरांनी काच हातात घेऊन पुन्हा उजेडात धरली. "याच्याखाली काय आहे ते तरीही आपल्याला माहीत नाही," ते म्हणाले. "गाठ असूही शकते. दुसरा फोटो हवा."

"बॅटरी थकलीय. आज सकाळपासून तिसरा माणूस हा. निघेल, पण उजेड मंद असेल, मुलीला जास्त वेळ निजावं लागेल. नाही निघाला, तर बॅटरी इंदूरहून भरून येईपर्यंत थांबावं लागेल."

"तेवढा वेळ तिला नाही." डॉक्टरांनी दाराबाहेर डोकं काढलं. "भिया, घोडा सोडो. रुकेंगे."

या वेळी पडदे उघडे ठेवून चिंतामणरावांनी स्वतः इंदूचा गाल पाहिला, कान दुमडून मागची बाजू पाहिली. सुभद्राबाईंनी रिठ्यानं धुतला, मग पिठानं चोळला, मग पुन्हा धुतला. इंदू कळवळली, पण मान हलवली नाही. शेंदराचा करंडा सुभद्राबाईंनी स्वतःहून खोलीबाहेर नेऊन खिडकीत ठेवला.

"मी डोकं धरू का तिचं?"

"नको. ज्यांनी ज्यांनी धरलं, त्यांची बोटं अशी झाली." चिंतामणरावांनी पट्टी आवळली. "फक्त तिच्या पायाशी उभ्या राहा. माणूस आहे हे तिला कळू द्या."

कडकड सुरू झाली, पण मघासारखी नाही. दमेकऱ्याच्या श्वासासारखी, अडखळत. हिरवा उजेड भरला, मंदावला, परत भरला. सुभद्राबाईंनी इंदूचे तळवे हातात धरले. ते बर्फासारखे होते. त्यांना नाव घ्यायचं होतं, पण जीभ उचलेना. फुटलेल्या नेमाच्या तोंडानं कुणाला हाक मारायची? उजेड पुन्हा मंदावला. इंदूच्या गळ्याशी काहीतरी थरथरलं. तोंडात लाळ भरली असणार. नको गिळूस, बाळे, नको गिळूस. एवढाच जप त्यांच्या मनात सुरू झाला, आणि आपण देवाचं नाव सोडून हे काय म्हणतोय हेही त्यांना उमगलं नाही.

उजेड विझला. चिंतामणरावांनी कळ दाबून पाहिली. बॅटरी संपली होती. "झालं," ते म्हणाले, "जे आलं ते आलं." आणि काच घेऊन कोठडीत गेले.

इंदूनं तोंडातली लाळ ओढणीला पुसली आणि भिंतीला टेकून बसली. बाहेर भगवंतराव येरझारा घालत होते. डॉक्टर बाकावर बसून बूट आपटत होते. तांबड्या फटीतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग थांबला, मग परत आला. सुभद्राबाईंना वाटलं, आत काहीच उठत नसेल. मग वाटलं, उठलं असेल आणि बाहेर यायला त्या माणसाचे पाय धजत नसतील.

दार उघडलं.

या खेपेची काच फिकी होती, धुक्यातल्यासारखी. पण पांढरा डाग नव्हता. शेपटी नव्हती. त्या जागी हाडात एक काळी गोल पोकळी होती, वाटीसारखी खोलगट, आणि तिच्या तळाशी एक दाढ आडवी पडली होती. पोटातल्या गर्भासारखी, गुडघे जवळ घेऊन.

डॉक्टरांनी काच खिडकीला धरली, जवळ नेली, लांब नेली. त्यांच्या कपाळावर घाम होता. "दाढ आहे," ते म्हणाले. नंतर स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "दाढ आहे. आडवी अडकलीय, भोवती पाण्याची पिशवी धरलीय. हाड शाबूत आहे सगळं. तोंडाच्या आतून हाडाला एक लहान खिडकी करायची, पिशवी आणि दाढ काढून घ्यायची. जबडा कापायचा नाही." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि सुभद्राबाईंकडे वळले. "बाई, मी तर उद्या करवत चालवली असती."

सुभद्राबाई खाली बसल्या.

"अक्कलदाढ म्हणतात ती हीच का?" भगवंतरावांनी विचारलं. त्यांना एकदम मोठ्यानं बोलावंसं वाटत होतं.

"हीच."

"घ्या! आमच्या घराण्यात अक्कल आली ती पण आडवी!"

"तुमच्याकडे तर उभीही नाही आली, मामा," इंदू दातांतून म्हणाली, आणि डॉक्टर मोठ्यानं हसले.

हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "आजच करू या का? खिडकीपाशी उजेड चांगला आहे, सामान माझ्या पेटीत आहे. क्लोरोफॉर्म मी देतो, चिंतामणराव धरतील. उद्यावर टाकलं तर सूज वाढेल. कोण हो म्हणतं?"

भगवंतरावांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. वहिनीकडे पाहिलं.

"करा," सुभद्राबाई म्हणाल्या.

पाणी तापायला ठेवलं. बाकावर धुतलेली चादर पसरली. इंदू कडेला बसून पाय हलवत होती. तिनं मामीला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "नेम फुटला ना मामी?"

"फुटला."

"उलटा फिरेल?"

सुभद्राबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. काकूंनी जे पाहिलं ते काकूंनी पाहिलं होतं. आत्ता त्यांच्यासमोर फक्त हे तोंड होतं, सुजलेलं, ओलं, दोन्ही बाजूंनी सबंध.

"ते माझं मी बघेन," त्या म्हणाल्या. "तू आता डॉक्टरांना तोंड उघडून दाखव. जमेल तेवढं."

इंदूनं डोळे मिटले आणि जबडा ताणला. एक बोट जाईल एवढी फट झाली. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"और थोडा, बिटिया," डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं."

तिनं मामीचा हात घट्ट धरला, आणि आणखी उघडलं.